शेजाऱ्याशी तह, घरातला ठराव : रग्बी आणि अमेरिकन फुटबॉल



इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात दर वर्षी रग्बीचा जो सामना होतो, त्यातल्या विजेत्याला मिळणारा चषक आपल्याकडच्या रुपयांचा आहे. आम्ही हे अलंकारिक बोलत नाही आहोत, बरं का. १८७२ च्या नाताळच्या दिवशी कलकत्त्यात साहेब लोकांनी एक सामना खेळला. एका बाजूला इंग्लंडचे वीस गडी, आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्स मिळून वीस. त्या उत्साहात पुढच्या महिन्यात क्लब निघाला. पाच वर्षांत मंडळींना पोलो आणि टेनिस जास्त आवडू लागलं, हवा तर रग्बीची नव्हतीच, आणि क्लब मोडायची वेळ आली. तेव्हा बँकेत शिल्लक असलेले चांदीचे रुपये काढून वितळवले आणि त्याचा चषक घडवला. त्याला धरायला नागाच्या आकाराचे तीन कान आहेत आणि झाकणावर हत्ती. तो त्यांनी १८७८ साली इंग्लंडच्या रग्बी युनियनला दिला, आणि १८७९ पासून 'कलकत्ता कप' म्हणून त्यासाठी इंग्लंड-स्कॉटलंड भांडताहेत. १९८८ मध्ये तर दोन्ही संघांतल्या एकेका खेळाडूने रात्री तो एडिंबरोच्या रस्त्यावर लाथांनी टोलवला. चषक चांगलाच चेपला होता.

हा चषक आम्ही आधी काढला तो नुसत्या गमतीसाठी नाही. घरापासून हजारो मैलांवर, रग्बीला मुळीच न मानवणाऱ्या उकाड्यात, या लोकांना खेळायचं ठरवल्यावर पहिली गोष्ट कोणती सुचली? तर इंग्लंड विरुद्ध बाकीचे. या खेळाला जन्मापासून शेजारचं राष्ट्र समोर लागतं. अमेरिकन फुटबॉलला ते कधीच लागलं नाही. आजचं आमचं म्हणणं एवढ्या एका फरकाभोवती आहे. पण त्याआधी एक नेहमीचं भांडण निस्तरायला हवं.

भांडण तुमच्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. आता आपल्या घरोघरी एक जण लंडनला आणि एक जण न्यू जर्सीला असतो, त्यामुळे ते मराठीतूनही ऐकू येतं. रग्बीवाला म्हणतो, "तुमचे गडी चिलखत घालून उतरतात, पाच सेकंद धावतात आणि अर्धा मिनिट उभे राहतात. याला खेळ म्हणायचं?" अमेरिकावाला म्हणतो, "तुमचा चिखलातला ढिगारा आहे. आमच्याकडे प्रत्येक चाल आखलेली असते, आमचा खेळ म्हणजे बुद्धिबळ." इथवर ठीक आहे. पुढच्या वाक्यात गाडी घसरते. "म्हणजे अमेरिकन माणूसच तसा, यंत्रासारखा, जाहिरातींसाठी थांबणारा." किंवा "म्हणजे इंग्रज तसाच, नियम धूसर ठेवून सभ्यपणाचा आव आणणारा." खेळावरून देशाच्या स्वभावावर उडी. आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा ही उडी दिसली की आमचा हात आपोआप लाल पेनाकडे जातो.

गंमत अशी की ही दोन माणसं जवळजवळ एकच खेळ खेळतात. लांबट चेंडू, तो हातात घेऊन धावायचं, समोरच्याला अंगाने पाडायचं, रेषेपलीकडे चेंडू नेला की गुण, वर दोन खांबांमधून लाथेने मारायचा. फ्रॉइडने याला एक नाव दिलं आहे, 'किरकोळ फरकांचा आत्ममोह'. ज्यांच्यात साम्य जास्त त्यांच्यातच फरकाचा गाजावाजा जास्त. क्रिकेट आणि बेसबॉल यांच्यातही थोडं असंच आहे, पण तिथे कुणी कुणाच्या पुरुषार्थावर जात नाही.

आता फरक नेमका कुठे पडला ते पाहू. १८२३ साली रग्बी शाळेतल्या विल्यम वेब एलिस नावाच्या मुलाने चेंडू उचलून धूम ठोकली आणि खेळ जन्मला, ही गोष्ट आपण बाजूला ठेवू. ती प्रथम सांगितली गेली १८७६ मध्ये, एलिस वारल्यावर चार वर्षांनी. विश्वचषकाला त्याचं नाव आहे, ते असू द्या. खरी घटना १८७४ ची. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाची मुलं हार्वर्डला आली. दोघांचे नियम वेगळे, म्हणून दोन दिवस दोन सामने झाले, एक हार्वर्डच्या नियमांनी आणि एक मॅकगिलच्या, म्हणजे रग्बीच्या. हार्वर्डला पाहुण्यांचा खेळ आवडला. दोन वर्षांत हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे कॉलेजांनी थोड्या फेरफाराने रग्बीच स्वीकारलं. म्हणजे अमेरिकन फुटबॉल रग्बीच्या पोटातून आला, तोही कॅनडामार्गे.

मग आला वॉल्टर कॅम्प, येलचा. रग्बीत गडी पडला की त्याला चेंडू सोडावा लागतो आणि तो कुणाचा हे पुन्हा झटापटीने ठरतं. स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे गडी डोकी घालून ढकलतात आणि चेंडू कुणाकडून बाहेर येईल ते येईल. कॅम्पने १८८० मध्ये हे काढून टाकलं. चेंडू एका संघाचा, तो मागे देऊन खेळ सुरू होणार, आणि गडी अकरा. यातून लगेच नवा घोळ झाला. चेंडू आपलाच आहे म्हटल्यावर सोडायचा कशाला? १८८१ मध्ये येल आणि प्रिन्स्टन अर्धा अर्धा सामना चेंडू कवटाळून बसले. निकाल शून्य-शून्य, प्रेक्षक वैतागले. म्हणून १८८२ मध्ये ठरलं की तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे जा, नाहीतर चेंडू द्या. पाच पाच यार्डांवर चुन्याच्या रेघा आल्या. आज चार प्रयत्न आणि दहा यार्ड आहेत, पण सांगाडा तोच.

डेव्हिड रीसमन आणि रूएल डेनी या दोघांचा १९५१ मधला एक निबंध या विषयात फार गाजला. त्यांचं म्हणणं असं : इंग्लंडमध्ये स्क्रमचा नियम संदिग्ध असला तरी चालायचं, कारण खेळणाऱ्यांच्या अंगात परंपरा मुरलेली होती, एकाच तऱ्हेच्या शाळांतून आलेली मुलं होती. अमेरिकेत ती परंपरा नव्हती. म्हणून तिथे सगळं लिहून, मोजून, स्पष्ट करावं लागलं. पुढे या धाग्याला लोकांनी कारखाना जोडला, टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापन जोडलं, घड्याळ जोडलं. आम्ही स्वतः वर्गात कितीतरी वर्षं हा युक्तिवाद मोठ्या ऐटीत सांगत आलो. ऐकायला देखणा आहे. आता आम्हाला तो पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगितलंच पाहिजे.

पहिली अडचण हडर्सफील्डची. १८९५ च्या ऑगस्टमध्ये उत्तर इंग्लंडमधल्या वीसहून अधिक क्लबांनी तिथल्या जॉर्ज हॉटेलात बैठक घेऊन रग्बी युनियन सोडली. कारण साधं होतं. खाणीत आणि गिरणीत राबणाऱ्या खेळाडूंची शनिवारची मजुरी बुडायची, ती भरून द्यायला क्लब तयार होते आणि युनियन म्हणायची की पैसा घेतला तर तो सभ्य गृहस्थ नव्हे. वेगळे झाल्यावर या मंडळींनी काय केलं? तिकीट काढून येणाऱ्या माणसाला चेंडू दिसायला हवा म्हणून ढिगारे कमी केले. १९०६ मध्ये गडी पंधराचे तेरा केले, आणि पडलेल्या गड्याने उठून चेंडू पायाने मागे द्यायचा असं ठरवलं. पुढे १९६६ मध्ये चार टॅकलची मर्यादा आली, १९७२ मध्ये सहाची. म्हणजे यॉर्कशर-लँकेशरच्या गिरणगावांनी चालत चालत कॅम्पच्याच घरी पाय ठेवला. हे लोक अमेरिकन होते का? त्यांच्याकडे परंपरा नव्हती का?

कॅनडानेही प्रयत्नांची मोजणी आणि रेघा आणल्या, आणि त्यांची संघटना तरी कित्येक दशकं स्वतःला 'कॅनडियन रग्बी युनियन' म्हणवत होती. पण कॅनडाबद्दल कुणी म्हणेल की शेजारचा वारा लागला, म्हणून आम्ही त्यावर भर देत नाही.

दुसरी मोठी अडचण कॅलिफोर्नियाची, आणि ती उलट्या बाजूने येते. १९०५ मध्ये अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर पोरं मरत होती, त्या एका हंगामात अठराच्या आसपास मृत्यू वर्तमानपत्रांनी मोजले. तेव्हा स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांनी १९०६ पासून आपला खेळ बंद करून चक्क रग्बी सुरू केलं. आणि ही मुलं ते बरं खेळली. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकात अमेरिकेने फ्रान्सला ८-० ने हरवलं. १९२४ मध्ये पॅरिसला अंतिम सामन्यात पुन्हा फ्रान्स, त्यांच्याच घरात, आणि निकाल १७-३. प्रेक्षक इतके चिडले की स्टँडमध्ये मारामाऱ्या झाल्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रगीताच्या वेळी शिट्ट्या वाजल्या. त्यानंतर ऑलिंपिकातून पंधरा जणांची रग्बी गेली ती गेलीच. २०१६ मध्ये आली ती सात जणांची. म्हणजे आजही पंधराच्या रग्बीचे ऑलिंपिक विजेते कोण, तर अमेरिका! 'यांत्रिक स्वभावा'चं काय झालं मग? चौदा-पंधरा वर्षांत स्वभाव बदलला आणि परत आला?

तर मग फरक कशाने पडला? आमचं उत्तर असं आहे : समोर कोण उभं होतं, त्याने.

१८८४ ची गोष्ट घ्या. ब्लॅकहीथला इंग्लंड-स्कॉटलंड सामना. इंग्लंडने ट्राय केला. स्कॉटलंड म्हणालं, हा धरता येत नाही, कारण त्याआधी चेंडू हाताने मागे टोलवला गेला आणि तो नियमभंग आहे. इंग्लंडने विचारलं, टोलवला कुणी? तर स्कॉटिश गड्यानेच. मग स्वतःच्या अपराधाचा फायदा तुम्ही कसा मागता? बघा, किती सुंदर प्रश्न आहे हा. नीतिशास्त्राच्या पेपरात घालावा असा. स्कॉटलंडने म्हटलं, पंचाकडे जाऊ, बाहेरच्या कुणाकडून निवाडा घेऊ. इंग्लंडने म्हटलं, कायदा आमच्या युनियनने केला, अर्थ आम्ही सांगू. १८८५ मध्ये दोघांचा सामनाच झाला नाही. १८८६ मध्ये स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स यांनी मिळून आंतरराष्ट्रीय मंडळ काढलं, इंग्लंड त्यात जाईना, १८८८ आणि १८८९ अशी दोन वर्षं त्यांच्याशी कुणी खेळेना. शेवटी १८९० मध्ये लवाद नेमून तडजोड झाली. मंडळात इंग्लंडला सहा जागा, बाकी तिघांना दोन-दोन. साम्राज्याच्या भाषेत याला समेट म्हणतात.

तेव्हापासून रग्बीचा नियम म्हणजे राष्ट्राराष्ट्रांतला तह झाला. तह बदलायचा तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि ज्याला आजच्या नियमात फायदा आहे तो सही करत नाही. म्हणून संदिग्धता टिकली. परंपरेच्या प्रेमाने टिकली असेलही थोडी, पण मुख्यतः एकमेकांवरच्या अविश्वासाने टिकली. उलट कॅम्पसमोर होते कोण? हार्वर्ड आणि प्रिन्स्टन. एका किनाऱ्यावरची, एकमेकांना पुरती ओळखणारी कॉलेजं. हिवाळ्यात खोलीत बसायचं, ठराव करायचा, पुढच्या हंगामात खेळ वेगळा. १८८१ ला घोळ, १८८२ ला उपाय. १९०५ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड-येल-प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, कॅम्पही होता, आणि १९०६ च्या हंगामात चेंडू पुढे फेकायची मुभा आली. रग्बीत आजही चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही. ज्या एका नियमाने दोन खेळ कायमचे वेगळे झाले, तो एका हिवाळ्यात बदलला, कारण परदेशातल्या कुणाला विचारावं लागलं नाही. उत्तरेतले गिरणीवालेही वेगळे झाल्यावरच पटापट बदलू शकले, ते याच कारणाने. खेळ घरातलाच, ठरावही घरातलाच.

आणि कॅलिफोर्नियाने रग्बी सोडली कधी? १९१३ मध्ये न्यूझीलंडचे 'ऑल ब्लॅक्स' बर्कलेला आले आणि अमेरिकेच्या संघाला ५१-३ ने धुऊन गेले. दोन वर्षांत कॅलिफोर्निया विद्यापीठ जुन्या खेळाकडे परतलं. दोन्ही विद्यापीठांतले आपापसातले तंटेही होते, एकटं ५१-३ हे कारण नव्हे. पण बाहेरचा प्रतिस्पर्धी आला की आपली उंची मोजली जाते, हे त्यांना कळलं होतं. जो खेळ फक्त आपणच खेळतो त्यात विश्वविजेते होणं सोपं. अमेरिकेत तसं म्हणतातही.

न्यूझीलंडचा विषय निघालाच आहे तर १९०५ कडे एकदा वळू, कारण राष्ट्रस्वभावाच्या शास्त्राची सगळ्यात मोठी फजिती तिथे आहे. त्या वर्षी 'ऑल ब्लॅक्स' ब्रिटनमध्ये आले आणि एकामागून एक संघ लोळवत गेले. फक्त कार्डिफला वेल्सकडून ०-३ ने हरले, तेही बॉब डीन्सचा ट्राय रेफरीने नाकारल्यावर. तो ट्राय होता की नव्हता यावर न्यूझीलंडमध्ये आजही घरं फुटतात. तर इंग्लंडच्या वर्तमानपत्रांनी निदान काय केलं? बोअर युद्धात भरतीला आलेली शहरी पोरं किडकिडीत निघाली होती, ती धास्ती ताजी होती. मग मोकळ्या हवेतला वसाहतीचा गोरा माणूस सुदृढ आणि शहरातला इंग्रज ऱ्हास पावलेला, असा सिद्धान्त झाला. न्यूझीलंडच्या पंतप्रधानांना तर तो हवाच होता. खरं कारण मैदानावर होतं. न्यूझीलंडचे गडी ठरलेल्या जागी खेळत, स्क्रमची रचना वेगळी ठेवत, सराव करत. ब्रिटिश लोक याला फसवणूक म्हणाले. म्हणजे बघा, आज रग्बीवाला अमेरिकेला जे म्हणतो, आखणी, विशेष कामाचे गडी, सभ्य माणसाला न शोभणारी तयारी, ते सगळं १९०५ मध्ये न्यूझीलंडला म्हणून झालं होतं. आणि मोकळ्या हवेच्या त्या सुदृढ वसाहतवाल्यांचा कर्णधार डेव्ह गॅलाहर, तो जन्मला होता आयर्लंडमध्ये.

हे सगळं नुसतं वादासाठी असतं तर आम्ही तुमचा एवढा वेळ घेतला नसता. पण "आमचा खेळ जास्त मर्दानी" या वाक्याने माणसांचं नुकसान झालं आहे, आणि ते दोन्हीकडे झालं आहे.

माइक वेबस्टर पिट्सबर्ग स्टीलर्सचा खेळाडू होता, चार सुपर बोल जिंकलेल्या संघातला. तो जिथे खेळायचा तिथे प्रत्येक चालीला डोकं डोक्यावर आपटतं. २००२ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, भ्रमिष्ट अवस्थेत काढलेल्या वर्षांनंतर तो गेला. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला आणि वारंवार बसलेल्या धक्क्यांनी होणारी झीज त्यात दाखवली. २००५ मध्ये त्याचा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा लीगशी संबंधित डॉक्टरांनी तो मागे घ्या म्हणून मागणी केली. पुढे खटले, भरपाई, सगळं झालं. आता या बातम्या येत होत्या तेव्हा रग्बीवाले काय म्हणत होते, ते आम्हाला चांगलं आठवतं. "हेल्मेटमुळे होतं ते. हेल्मेट आहे म्हणून माणूस डोकं घालतो. आमच्याकडे उघडं डोकं असतं, म्हणून आम्ही जपतो." आणि त्याआधी अमेरिकेत काय म्हणत? "हेल्मेट आहे, म्हणून आमची मुलं सुरक्षित."

दोन्ही वाक्यांचा आधार एकच आहे : शेजाऱ्याचा खेळ. स्वतःच्या मैदानाकडे पाहून कुणीच बोललं नाही. त्यांच्यात अर्धसत्य आहे हे मान्य. हेल्मेट कवटी फुटण्यापासून वाचवतं, आणि ते हत्यारही होतं. पण मेंदू कवटीच्या आत हलतो, त्याला बाहेर टोपी आहे की केस आहेत, याने फार फरक पडत नाही. १९९५ मध्ये रग्बी युनियनने पैसा अधिकृतपणे मान्य केला, खेळाडू पूर्णवेळ व्यायामशाळेत गेले, अंगं वाढली, धडका वाढल्या. स्टीव्ह थॉम्प्सन २००३ मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या संघात स्क्रमच्या मधोमध खेळत होता. २०२० च्या डिसेंबरमध्ये, बेचाळिसाव्या वर्षी, त्याने जाहीर केलं की त्याला स्मृतिभ्रंशाचं निदान झालं आहे, आणि तो विश्वचषक जिंकल्याचं त्याला आठवत नाही.

इंग्लंड-ऑस्ट्रेलिया, सिडनी, जादा वेळ, शेवटच्या क्षणी जॉनी विल्किन्सनची उजव्या पायाची किक. ती किक त्या देशाने हजार वेळा पाहिली असेल. तिथे उभ्या असलेल्या माणसाच्या आठवणीत मात्र ती नाही.

आता पुन्हा तह आणि ठराव यांच्याकडे येऊ, कारण आमच्या मांडणीची कसोटी इथे आहे. आमचं म्हणणं खरं तर अमेरिकेने लवकर बदलायला हवं होतं. तिने बदललंही, १९०६ मध्ये. पण १९०९ मध्ये पुन्हा मृत्यू वाढले, १९१० आणि १९१२ मध्ये पुन्हा नियम बदलावे लागले, आणि ओमालूच्या वेळेपर्यंत ठराव करणाऱ्यांची खोली कॉलेजांची उरली नव्हती, ती संघमालकांची झाली होती. घरातला ठराव झटपट होतो, घरधन्याला हवा असेल तर. हे आम्हाला आमच्या मांडणीत दुरुस्त करून घ्यावं लागतं. रग्बीत उलटा प्रकार दिसतो. काही तरुण खेळाडू दगावल्यावर फ्रान्सने हौशी सामन्यांत टॅकल कमरेखालीच करायचा असं ठरवलं, आणि तहाची वाट न पाहता केलं. इंग्लंडच्या युनियनने २०२३ च्या जानेवारीत तसंच जाहीर केलं, तर क्लबांतून एवढा गदारोळ झाला की युनियनला माफी मागावी लागली. मर्यादा कमरेवरून वर सरकून बरगड्यांच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आली. गदारोळातला एक सूर ओळखीचा होता : हा मग रग्बी राहणार नाही.

१९०५ मध्ये कॅम्पही खेळाची जात बदलेल म्हणून पुढे चेंडू फेकायच्या नियमाला नाखूश होता. आज त्या फेकीशिवाय अमेरिकन फुटबॉल कुणाला ओळखू येणार नाही.

घड्याळ पुढे गेलं आहे, आयोजक आमच्याकडे पाहताहेत. कबड्डीच्या नियमांबद्दल एक चिठ्ठी आली आहे, ती आधी घेऊ.